गोळी किती मोठी, यापेक्षा ती लागते कुठे

वुडलँड्स म्हणजे सिंगापूरचं उत्तरेचं टोक. माझ्या घराच्या एका बाजूला जोहोरची सामुद्रधुनी आणि दुसऱ्या बाजूला, थोडं दक्षिणेला, मंडाईचं जंगल. (मंडई नव्हे, मंडाई. इथे भाजी मिळत नाही, सांबर मिळतं.) सिंगापूरमधली मूळची सांबरं शिकार आणि जंगलतोडीने जवळजवळ संपली होती. आज जी दिसतात ती बहुतेक 1970 च्या दशकात प्राणिसंग्रहालयातून पळालेल्या सांबरांची पिल्लावळ. त्यांचा इथला मुख्य शत्रू शिकारी नाही, गाडी आहे. म्हणून 2019 च्या डिसेंबरात मंडाईच्या रस्त्यावरून खास प्राण्यांसाठी झाडाझुडपांचा पूल सुरू झाला. बंदुकीचा तर प्रश्नच नाही. परवान्याशिवाय ती नुसती जवळ बाळगणं हाच इथे गंभीर गुन्हा आहे.

मग या गावात बसून हरणाच्या शिकारीवर लिहायचं कशाला? गेल्या एपिसोडमध्ये अमेरिकेतल्या 'हँडगन हंटिंग'चा, म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाने हरीण मारण्याचा विषय निघाला आणि आम्ही तो दोन मिनिटांत गुंडाळला. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं: एवढ्याशा बंदुकीने एवढं मोठं जनावर खरंच मरतं का? मऊ ऊती ताणल्यावर कुठे आणि कशा फाटतात हे शोधणं माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर लिहून काढायची जबाबदारी माझ्यावर आली. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतात शिरणारे रोही आणि रानडुकरं मारू द्यायची का, ही चर्चा तुम्ही दर हंगामात ऐकता. त्या चर्चेत एक गोष्ट कायम सुटते. ती काय, ते शेवटी सांगते. आधी थोडं गणित.

ऊर्जेने जनावर पडत नाही

हँडगनने शिकार करणाऱ्यांचं लाडकं काडतूस म्हणजे .44 मॅग्नम. 1955 साली ते बाजारात आलं, आणि ते यावं म्हणून एल्मर कीथ या शिकारी-लेखकाने बरीच वर्षं तगादा लावला होता. त्याची गोळी साधारण 15.5 ग्रॅमची. रिव्हॉल्व्हरमधून ती सेकंदाला सुमारे 370 मीटर वेगाने निघते. ऊर्जा झाली जेमतेम 1,000 ते 1,100 ज्यूल. रायफलच्या .308 काडतुसाची गोळी वजनाने हलकी, 9.7 ग्रॅमची, पण वेग सेकंदाला 860 मीटर. ऊर्जा साधारण 3,600 ज्यूल. तिपटीहून जास्त.

आता 1,000 ज्यूल म्हणजे किती? मार्केट यार्डातला हमाल 50 किलोचं पोतं दोन मीटर उंच थप्पीवर चढवतो, तेवढी. बस्स. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडतो तसं प्रत्यक्षात काही होत नाही. ही गोळी 100 किलोच्या हरणात पूर्ण रुतली, तरी संवेग अक्षय्यतेच्या नियमाने त्या हरणाला मिळणारा वेग सेकंदाला सहा सेंटिमीटरही नाही. रांगतं बाळ याहून भराभर जातं.

आणखी एक पुरावा बघा. धनुष्यबाणाने आजही अमेरिकेत भरपूर हरणं मारली जातात. बाणाची ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास, म्हणजे .44 मॅग्नमच्या दहावा भाग. तरी धारदार पात्याचा बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला, तर हरीण मिनिटाच्या आत कोसळू शकतं. एक दशांश ऊर्जेत तेच काम होत असेल, तर काम ऊर्जा करत नाहीये हे उघड आहे.

मग मारतं काय?

जनावर खाली पडायला दोनच रस्ते आहेत. एक, मेंदू किंवा पाठीच्या कण्याचा वरचा भाग थेट निकामी होणं. दोन, मेंदूला रक्त पोहोचणं थांबणं. पहिलं लक्ष्य फार छोटं आणि सतत हलणारं. तिथे नेम थोडा चुकला की जबडा फुटतो आणि ते जनावर उपाशी राहून मरतं. म्हणून जबाबदार शिकारी दुसरा रस्ता धरतो: हृदय, फुप्फुसं आणि त्यांना जोडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या.

यात एक अडचण आहे. हृदय पूर्ण बंद पडलं तरी मेंदूत आधीच पोहोचलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो. हरीण तासाला 50 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 14 मीटर पळतं. दहा सेकंदांत 140 मीटर! म्हणजे अगदी अचूक लागलेलं हरीणसुद्धा पळत जाऊन झाडीत दिसेनासं होऊ शकतं. 'पळालं म्हणजे लागलं नाही' हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा.

रायफल आणि हँडगनमधला खरा फरक इथे कळतो. गोळी शरीरातून जाताना दोन प्रकारची पोकळी करते. एक कायमची, म्हणजे गोळीने चिरडत नेलेलं भोक. दुसरी तात्पुरती: आजूबाजूची ऊती क्षणभर बाहेर ढकलली जाते आणि परत जागेवर येते. पाण्यात दगड टाकल्यावर पाणी बाजूला होऊन परत मिटतं, तसं. वेग सेकंदाला साधारण 600 मीटरच्या वर गेला की हा ताण इतका मोठा होतो की ऊती परत येण्याऐवजी फाटतात. त्याखाली फुप्फुस, स्नायू, त्वचा यांसारख्या लवचीक ऊती ताण सोसून जातात (यकृत नाही, ते लवचीक नसतं). हँडगनचा वेग बहुतेक वेळा या रेषेच्या बराच खाली असतो. त्यामुळे रायफलची गोळी हव्या त्या जागेच्या जरा बाजूने गेली तरी थोडी भरपाई होऊ शकते. हँडगनमध्ये ती सवलत नाही. जिथून गोळी गेली तेवढंच भोक, तेवढीच इजा.

हे नीट मोजलं मार्टिन फॅकलर या अमेरिकन लष्करी सर्जनने, 1980 च्या दशकात. त्याने वापरलेलं माध्यम होतं 10 टक्के जिलेटिन, 4 अंश सेल्सिअसला थंड केलेलं. आमच्याही लॅबमध्ये जिलेटिन असतं, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी. त्याच काळात, 11 एप्रिल 1986 रोजी, मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांमध्ये चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच 9 मिमीची गोळी लागली. दंडातून छातीत शिरून ती हृदयाच्या सुमारे एक इंच अलीकडे थांबली. जखम जिवावरची होती, पण तो लगेच पडला नाही. त्यानंतरच्या गोळीबारात एफबीआयचे दोन एजंट ठार झाले. 1989 च्या एफबीआयच्या अहवालाने यातून काढलेला निष्कर्ष कोरडा आहे: हँडगनच्या बाबतीत गोळी कुठे लागली आणि पुरेशी खोल गेली का, याला महत्त्व. बाकीचं नंतर.

ताटलीएवढी जागा

हरणाच्या छातीतली ही महत्त्वाची जागा साधारण 20 ते 25 सेंटिमीटर व्यासाची. कागदी ताटलीएवढी. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या अर्ध्या भागात. हरणाचं तोंड शिकाऱ्यापासून थोडं दूर वळलेलं असेल तरी चालतं, कारण गोळी बरगड्यांच्या मागून तिरकी पुढे फुप्फुसांत जाते. समोरून किंवा थेट मागून मात्र नाही. समोरून जागा अरुंद आणि हाडं आडवी, मागून मधे सगळा कोठा. हँडगनची गोळी तेवढं अंतर कापून आत पोहोचेल याची खात्री नसते.

आता ताटलीवर नेम धरून बघू. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेम धरायची पुढची खूण आणि मागची खाच यांत जेमतेम 20 सेंटिमीटर अंतर असतं. हाताच्या थरथरीने पुढची खूण एक मिलिमीटर हलली, तर 50 मीटरवर गोळी 25 सेंटिमीटर बाजूला जाते. ताटलीच्या पूर्ण बाहेर. रायफलमध्ये हेच अंतर 60 सेंटिमीटर धरा: तीच एक मिलिमीटरची चूक 50 मीटरवर फक्त आठ सेंटिमीटरची होते. अजून ताटलीत. शिवाय रायफलचा दस्ता खांद्याला टेकतो, हँडगन फक्त हातांवर तोलायची.

म्हणून जाणत्या हँडगन शिकाऱ्यांचा नियम अंतराचा नसतो, ताटलीचा असतो. ज्या अंतरावरून तुमची प्रत्येक गोळी ताटलीत जाते, ते तुमचं अंतर. कुणाचं 25 मीटर, कुणाचं 50. पुढे जनावर कितीही सुंदर उभं असो, हात खाली.

चुकलं तर

मागे 20-30 सेंटिमीटर चुकलं की गोळी कोठ्यात जाते. आतड्यांतला मजकूर पोटात पसरतो, आणि मरायला कित्येक तास लागतात, कधी त्याहून जास्त. शिकारी हे जमिनीवर वाचतात. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. गडद तांबडं म्हणजे बहुधा यकृत. हिरवट, घाण वासाचं म्हणजे कोठा. पहिल्या प्रकारात अर्धा तास थांबून माग काढायचा. शेवटच्या प्रकारात कित्येक तास थांबायचं, कारण लगेच मागे लागलं तर जनावर उठून आणखी दूर जातं आणि सापडतच नाही. म्हणजे नेम चुकल्याची किंमत तासांत मोजायची असते, आणि ती जनावर मोजतं.

याची एक भारतीय आवृत्ती तुम्ही कदाचित पाहिली असेल. 2019 मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातला एक व्हिडिओ पसरला. पिकांचं नुकसान थांबवण्यासाठी नीलगायी, म्हणजे आपले रोही, मारण्याची मोहीम चालू होती. गोळी लागलेली पण जिवंत असलेली एक नीलगाय जेसीबीने खड्ड्यात ढकलून तिच्यावर माती लोटली. सगळ्यांचा राग जेसीबीवर निघाला, आणि तो योग्यच होता. पण त्या खड्ड्याची सुरुवात एका चुकीच्या जागी लागलेल्या गोळीने झाली होती.

कायदा काय मोजतो?

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे कायद्याने या प्रश्नाला आकडे लावलेत. इंग्लंड-वेल्सचा 1991 चा हरीण कायदा बहुतेक जातींसाठी रायफलचा किमान बोअर .240 इंच आणि किमान ऊर्जा 1,700 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 2,300 ज्यूल, मागतो. .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर तिथेच बाद. अमेरिकेतलं ओहायो राज्य हँडगनला परवानगी देतं, पण नळी किमान पाच इंच आणि काडतूस किमान .357 हवं. एकाने ऊर्जा मोजली, दुसऱ्याने भोकाची रुंदी आणि नळीची लांबी. पण नेम कुठे धरावा, हे कुठलाच कायदा काडतुसात भरू शकत नाही. ते प्रशिक्षण, सराव आणि 'आज नको' म्हणण्याची तयारी यांतून येतं.

हीच गोष्ट जीव वाचवायला मारलेल्या डार्टलाही लागू आहे, फक्त नकाशा उलटा. भुलीचा डार्ट छातीत किंवा पोटात जाता कामा नये. तो मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत हवा. औषध भिनायला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत जनावर घाबरून पळालं तर स्नायू आणि हृदय दोन्ही कोलमडू शकतात. 9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडला गवा शिरला, गर्दी मागे धावली, डार्ट मारून त्याला पकडलं आणि त्यातच तो मेला. दोनच आठवड्यांनी बावधनजवळ दुसरा गवा आला. त्या वेळी गर्दी लांब ठेवून त्याला झाडीकडे वाट मोकळी करून दिली गेली, आणि तो परत गेला. काही वेळा सगळ्यात चांगला नेम म्हणजे न झाडलेला.

आता ती सुटणारी गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 9 शिकारीला बंदी घालतं, आणि कलम 11 पिकांच्या किंवा माणसांच्या जिवावर उठलेल्या काही प्राण्यांसाठी परवानगीची वाट ठेवतं. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, आणि वर्षभराची मेहनत एका रात्रीत गेलेल्या माणसाला भूतदयेवर व्याख्यान द्यायला मी इथून बसल्या जागी धजणार नाही. पण आपली चर्चा 'मारायचं की नाही' इथेच अडकते. होय म्हणायचं ठरलं, तर पुढचे प्रश्न सुरू होतात. गोळी कोण झाडणार आणि त्याची ताटलीची परीक्षा कुणी घेतली? कुठल्या बंदुकीने, किती अंतरावरून? रात्री टॉर्चच्या उजेडात की दिवसा? आणि जखमी होऊन तुरीत शिरलेल्या रोह्याचा माग काढून त्याला शेवटची गोळी घालायची जबाबदारी कुणाची?

पुढच्या वेळी 'शिकारीला परवानगी' अशी बातमी वाचाल, तेव्हा त्यात या चारपैकी किती प्रश्नांची उत्तरं आहेत ते मोजा.