किल्ली आपल्याच कमरेला हवी

२०२२ ची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. आमच्या गटातल्या आक्का दुपारी तीनच्या उन्हात धावत घरी आल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "वहिनी, मोठी ऑर्डर आलीय. मिलिटरीतल्या साहेबांची. पंचवीस किलो शेंगाचटणी न् साठ पाकिटं कडक भाकरी!" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की, मीही सगळी कामं टाकून त्यांच्याबरोबर आनंदाने हिशेब करायला बसले. चटणी अडीचशे रुपये किलो, भाकरी पन्नास रुपये पाकीट. एकूण ९,२५० रुपये.

तासाभराने त्याच आक्का पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याने धड बोलवत नव्हतं. खात्यातून १८,५०० रुपये गेले होते.

झालं होतं असं की, 'साहेबां'नी सांगितलं, आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे. मी कोड पाठवतो, तुम्ही तो स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. आधी पाच रुपयांचा कोड पाठवला आणि लगेच दहा रुपये परत टाकले. आक्कांचा विश्वास बसला. मग ९,२५० चा कोड आला. पैसे आले नाहीत, उलट गेले. फोनवरचा माणूस म्हणाला, "अडकले असतील, परत एकदा करा म्हणजे दोन्ही सुटतील." आक्कांनी परत केलं. मग फोन बंद.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगताना मला संकोच वाटतो. कारण आमच्या गटाचा मोबाइलवरचा कारभार सुरू करा म्हणून मागे लागणारी मीच. मी काही कॉम्प्युटरवाली नाही. साधी बी.ए. झालेली बाई, घर सांभाळून गटाचा हिशेब बघते. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून माझ्या मनात होतं की, आपल्या मालदांडीच्या भाकरीला पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक का मिळू नये? तिकडे गेलेल्या आपल्या लेकीबाळी आणि त्यांच्या शेजारणी हेच तर आपलं गिऱ्हाईक!

पैसे गेले, किल्लीही नव्हती

त्या दिवशी आमची दुसरी चूक झाली ती लाजेची. 'लोक काय म्हणतील' म्हणून आक्कांनी दोन दिवस घरातही सांगितलं नाही. मलाही शपथ घातली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो, १९३० या नंबरवर तक्रार केली. तोवर पैसे या खात्यातून त्या खात्यात जाऊन काढूनही झाले होते. ते परत मिळाले नाहीत.

निदान फेसबुकवरच्या पानावरून नंबर तरी काढून टाकू, दुसरा कुणी फोन करायला नको, असं ठरवलं. तेव्हा तिसरी गोष्ट कळली. ते पान आमचं नव्हतंच! आदल्या वर्षी एका होतकरू मुलाने सहा हजार रुपये घेऊन आमचं पान, गुगलवरची नोंद, सगळं करून दिलं होतं. पण ते त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. पासवर्ड त्याच्याकडे. तो नोकरीला मोठ्या शहरात गेला आणि फोन उचलेना. मुलगा वाईट नव्हता, पण दुकान आमचं आणि किल्ली त्याच्या खिशात, अशी गत झाली. घरभाड्याच्या पावतीवर तीनदा नाव तपासणाऱ्या आम्ही बायका, इथे मात्र कुणीच विचारलं नव्हतं की, हे कुणाच्या नावावर आहे?

मग एका रविवारी दहाजणी ओसरीवर बसलो. आक्का म्हणाल्या, "मी पैसे भरते आन् गट सोडते." कुणी काहीच बोलेना. शेवटी गटातली सगळ्यांत गरीब, धुण्याभांड्याची कामं करणारी बाई म्हणाली, "आक्का, फायदा झाला असता तर दहा वाटे केले असते ना? मग नुकसानीचेबी दहा करा." प्रत्येकीच्या वाट्याला १,८५० रुपये आले. कुणी चार महिन्यांत फेडले, कुणी आठ. आक्का गटातच राहिल्या. पण त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की, पुढचं प्रत्येक साधन आपण स्वतः निवडायचं, समजून घ्यायचं आणि किल्ली आपल्याच कमरेला ठेवायची.

तीन प्रश्न विचारा

कुणीही येऊन सांगतं, वेबसाइट काढा, जाहिरात टाका, अमुक ॲप घ्या. आम्ही आता तीनच प्रश्न विचारतो. आपलं गिऱ्हाईक तिथे आहे का? रोज ते सांभाळणार कोण? आणि त्याची किल्ली कुणाकडे राहणार? तिन्हींचं उत्तर समाधानकारक मिळालं तरच पुढे जायचं.

या चाळणीतून आमच्याकडे दोनच साधनं उरली. पहिलं व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप २०१८ साली आलं आणि फुकट मिळतं. नेहमीच्या व्हॉट्सॲपहून वेगळं, पण त्याच फोनवर दुसऱ्या नंबरावर चालतं. त्यात आपल्या मालाचे फोटो, वजन, भाव लिहून कॅटलॉग करता येतो. त्यामुळे 'चटणी कशी किलो?' याचं उत्तर दिवसातून वीस वेळा लिहावं लागत नाही. ठरावीक उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. नवी ऑर्डर, पैसे बाकी, माल पाठवला, अशी लेबलं लावता येतात. आमच्या वहीतले रकानेच की हे! रात्री साडेअकराला उगाच 'हाय' पाठवणारे महाभागही असतात. त्यांच्यासाठी 'वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६' असा निरोप आपोआप जातो.

त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. लेकीसुनांचा घरचा नंबर धंद्याला देऊ नका. आणि ते सिम कुणाच्या भाच्याच्या नावावर नको, गटातल्या जबाबदार बाईच्या नावावर हवं. रिचार्जही चुकवू नका. बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग आपली गिऱ्हाइकं त्याच्याकडे!

दुसरं साधन म्हणजे गुगलवरची दुकानाची नोंद. तीही फुकट. कुणी 'मंगळवेढा कडक भाकरी' शोधलं तर आपलं नाव सापडण्याची सोय. या वेळी आम्ही गटाचा स्वतंत्र ईमेल काढला आणि त्यावर नोंद केली. दोघींना मालकीण म्हणून जोडलं, म्हणजे एक आजारी पडली तरी अडत नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते. घरातूनच धंदा करत असाल तर घराचा पत्ता लोकांना न दाखवता फक्त गावाचं नाव दाखवायची सोय त्यात आहे. एकट्यादुकट्या बाईने ती जरूर वापरावी.

बाकीचं आम्ही सध्या बाजूला ठेवलं. मोठ्या विक्री-संकेतस्थळावर माल ठेवायचा तर कमिशन, त्यांच्या पद्धतीचं पॅकिंग आणि परत आलेला माल, हे सगळं बघावं लागतं. कडक भाकरी ती, वाटेत मोडली तर गिऱ्हाईक परत करणार, आणि तुकडे घेऊन आम्ही काय करणार? तुमचा माल साड्या, पर्स असा न मोडणारा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल. पैसे देऊन करायच्या जाहिरातीचंही तसंच. आधी थोड्या रकमेची, ठरावीक दिवसांची करून बघावी. त्यातून किती फोन आले आणि किती ऑर्डरी झाल्या ते वहीत लिहावं. 'लाइक' वाढले म्हणून पोळपाट-लाटणं हलत नाही!

कुलपं महाग नसतात

फसवणुकीनंतर एक गृहस्थ दोन-अडीच हजारांचं 'सुरक्षा पॅकेज' विकायला आले होते. आम्ही जवळजवळ घेणारच होतो. पण विचार केला, आक्कांचे पैसे काही फोनमधल्या किड्याने नेले नाहीत. आक्कांनी स्वतःच्या हाताने पिन टाकला होता. असलं पॅकेज तिथे काय करणार? आमच्या कामाची कुलपं तर फुकटच निघाली.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. तिथे सहा आकडी पिन ठेवा. मग कुणी तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला तरी त्या पिनशिवाय तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होत नाही. तिथेच 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं की काढून टाका. आम्ही दर महिन्याच्या बैठकीत हप्ता जमा झाला की हे एकदा बघतो.

गटाच्या ईमेललाही असंच दुहेरी कुलूप लावलंय. गुगल त्यासाठी अडीअडचणीला वापरायचे दहा कोड देतं. ते फोनमध्ये नाही, कागदावर उतरवून लोखंडी कपाटात, गटाच्या वहीबरोबर ठेवलेत. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल आली तर तिला बोटही लावायचं नाही, मग पाठवणारा सख्खा मावसभाऊ का असेना. कदाचित त्याचाच फोन कुणाच्या ताब्यात गेलेला असतो. आणि फोनवर कुणी 'स्क्रीन शेअर करा' म्हणालं की फोन ठेवून द्यायचा.

पैशांचं खातंही वेगळं केलं. दोघींच्या सहीच्या खात्यावर सहसा एकटीच्या फोनवर यूपीआय चालू करून मिळत नाही. म्हणून पैसे घेण्यापुरतं एक छोटं खातं ठेवलं आणि दर शनिवारी त्यातली रक्कम गटाच्या खात्यात भरतो. गल्ला जसा रोज रिकामा करतो तसाच. चुकून काही झालंच तर आठवड्याची विक्री जाईल, वर्षाची पुंजी जाणार नाही. माल द्यायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट बघत नाही, आपल्या खात्यात जमा झालेत का ते बघतो. 'चुकून जास्त गेले, परत पाठवा' म्हणणाऱ्यालाही तेच. आधी आपलं खातं बघायचं, मेसेज नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही. पिन फक्त पैसे देताना टाकायचा असतो. एका व्यक्तीने दुसरीला पैशांची मागणी पाठवायची यूपीआयमधली सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, हे चांगलंच झालं. पण क्यूआर कोड पाठवून भूल पाडणारे त्याने संपलेले नाहीत. हे वाक्य आम्ही ठळक अक्षरांत लिहून चटणी कुटायच्या उखळावरच्या भिंतीला चिकटवलंय.

तरीही झालंच तर

लाजू नका. पहिला फोन १९३० ला करा, दुसरा बँकेला. गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात. जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. फोनच हरवला तर सिम बंद करून घ्या आणि २०२३ साली सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरून तो हँडसेटही बंद पाडता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही तिथे दिसतं. एकदा बघाच!

मागच्या आठवड्यात आक्कांच्या हातात गटाचा फोन होता. पलीकडून कुणीतरी मोठी ऑर्डर सांगत होतं. आक्कांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, आमचा कोड तुम्हाला पाठवते. पैसे जमा झाले की माल निघेल. तुमचा कोड नको आम्हाला." पलीकडून फोन कट झाला. तो खरा होता की खोटा, कोण जाणे! खरा असेल तर एक गिऱ्हाईक गेलं. पण आक्का काही हळहळल्या नाहीत. फोन पदराला पुसून डब्यात ठेवला आणि परातीतलं पीठ मळायला घेतलं.