घरदुरुस्ती आणि लेखी करार : एक अनुभव

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज सांगून गेले. जुन्या घराची दुरुस्ती ही या दोहोंहून अवघड परीक्षा होय, अशी भर आम्ही आमच्या अल्प अनुभवाने त्या वचनात घालू इच्छितो. नवे घर उभे राहीपर्यंत माणसाला दुसरे छप्पर असते. दुरुस्तीत राहत्या घराचेच छप्पर उघडे पडते. आणि ज्याच्या हाती ते सोपविले त्याचीच नियत फिरली, तर गृहस्थाने काय करावे? घरोघरी हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो, म्हणून स्वतःची फजिती वाचकांपुढे मांडण्याचा संकोच आम्ही बाजूस ठेवीत आहोत.

आमचे घर बेळगावनजीक शहापुरात आहे. आजोबांनी ते १९३६ साली बांधले. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात मोडत असे. पुढचा भाग मंगलोरी कौलांचा असून तो अद्याप खणखणीत आहे. मागे स्वयंपाकघरावर वडिलांनी नंतर घातलेला स्लॅब मात्र गेली काही वर्षे गळू लागला होता. भिंतींना ओल धरली, गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागला. मातोश्रींची खोली त्याच स्लॅबखाली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आणि दम्याचा विकार. तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतून तीन लाख रुपये काढून २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही काम काढले.

कंत्राटदार आमचाच माजी विद्यार्थी. आला तो वाकून नमस्कार करूनच. "सर, तुमच्या घराचं काम म्हणजे माझ्याच घराचं काम," हे त्याचे पहिले वाक्य. त्यानंतर त्याच्यापुढे कागद-लेखणी ठेवणे आमच्या जिवावर आले. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस फुटास १२० रुपये दराने. आणि आतला गिलावा, स्वयंपाकघराचा ओटा, फरशी व न्हाणीघर मिळून एकरकमी २ लाख १० हजार, असे तोंडी ठरले. मे अखेर काम पुरे करण्याचा वायदा झाला. पत्रलेखनाचे धडे तीस वर्षे मुलांना शिकविणाऱ्या आम्ही या व्यवहारात एक ओळही लिहिली नाही! भीड भिकेची बहीण, ही म्हण वर्गात कितीदा समजावून सांगितली असेल; ती आम्हांसच समजली नव्हती.

कामास प्रारंभ होताच ५० हजार दिले, एप्रिलमध्ये सामानासाठी म्हणून एक लाख दिले आणि मेच्या मध्यास, "गवंड्यांची मजुरी थकली आहे, सर," या विनवणीवर आणखी ९० हजार. एकूण २ लाख ४० हजार गेले. मग माणसे येईनाशी झाली. दूरध्वनीवर कधी सेंट्रिंगवाला आजारी, कधी वाळू मिळत नाही, तर कधी घरात लग्नकार्य. हे सारे मागाहून उलगडले. आमच्या पैशांतून त्याने आधीच्या गिऱ्हाईकाचे अडलेले काम पुरे केले होते आणि आमचे काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेची वाट पाहत पडले होते. या धंद्यातील बऱ्याच अप्रामाणिकपणाचे मूळ या साखळीत असते. सुरुवातीस लबाडीचा हेतू असतोच असे नाही, परंतु एकाचे पैसे दुसऱ्याच्या भिंतीत गेले की पुढचे प्रत्येक उत्तर खोटेच द्यावे लागते.

त्या वर्षी पाऊस लांबला, हीच काय ती देवाची कृपा. जुलैत मात्र तो कोसळला. गच्चीवर कोबा होता कोठे? विटांच्या तुकड्यांचा थर अर्ध्याच भागात; उरलेल्या भागात नुसता सिमेंटचा हात फिरवून वर रंग मारलेला. पाणी वाहून जाण्यास दहा फुटांस निदान सव्वा इंच उतार हवा, तो नव्हताच. काम झाल्यावर गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी कोंडून गळती तपासावयाची असते, तेही कोणी केले नव्हते. मातोश्रींचे अंथरूण रात्री दोन वाजता ओढून पुढच्या सोप्यात आणताना त्यांनी एवढेच विचारले, "अरे, कागद केला होतास ना?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणाले, चार धटिंगण पाठवा. कोणी म्हणाले, पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्या. पहिला मार्ग सभ्य माणसाचा नव्हे. दुसऱ्याविषयी एका वकील स्नेह्याने समजावून सांगितले, की करार मोडणे आणि फसवणूक करणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. देताना-घेतानाच बुडविण्याचा इरादा होता असे दाखविता आले तरच फौजदारी उभी राहते. मात्र त्यांनी धीरही दिला. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करारही करारच असतो आणि तो मोडल्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते. अडचण असते ती पुराव्याची.

पुरावा घरातच निघाला. आमच्या सौभाग्यवतींच्या खर्चाच्या वहीत दुधाच्या हिशेबाखाली तिन्ही रकमा तारीखवार नोंदलेल्या होत्या. शेवटची रक्कम बँकेतून गेली होती. पहिल्या दोन्ही रकमा रोखीच्या. पण त्या दिवशी आमच्या मुलीने मोबाईलवर पाठविलेल्या निरोपास "मिळाले" असे त्याचे उत्तर होते. आम्ही ते सारे जपून ठेवले. गच्चीची व भिंतींची छायाचित्रे काढली. मग एका अभियंत्यास फी देऊन मोजमाप करविले. गच्ची २० फूट बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. कठड्याला चारी बाजूंनी फूटभर चढविलेला थर धरला तरी ७००. कंत्राटदाराने तोंडी हिशेब सांगितला होता ८५० चा! म्हणजे न केलेल्या १५० फुटांचे १८ हजार एकट्या मोजमापातच वाढविलेले. एकंदर झालेल्या उपयुक्त कामाची किंमत अभियंत्याने १ लाख ३८ हजार ठरविली. अर्थात १ लाख २ हजार रुपये त्याच्याकडे जास्त गेले होते.

ऑगस्टमध्ये आम्ही पत्र लिहिले. रागाचा पहिला मसुदा सौभाग्यवतींनी फाडून टाकला, ते उत्तम झाले. दुसऱ्यात फक्त ठरलेले काम, दिलेल्या रकमा, झालेले काम, अभियंत्याचा अहवाल आणि पंधरा दिवसांची मुदत एवढेच होते. ते स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा दाखला जपला. उत्तर आले ते तोंडी : आणखी ६० हजार द्या, मग माणसे पाठवितो. तेव्हा नोव्हेंबरमध्ये आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली.

या आयोगाविषयी आपल्या घरांतून फार थोडी माहिती असते, म्हणून चार शब्द. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. घरबांधणीची सेवाही त्याच्या कक्षेत येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. तंट्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती केली पाहिजे. वकील देणे सक्तीचे नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. आम्हा सीमाभागातील लोकांना एक दक्षता अधिक घ्यावी लागते : आमच्या मराठी वहीचे व निरोपांचे इंग्रजी भाषांतर आम्हांस सोबत जोडावे लागले.

उभय पक्षांची संमती असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे सोपवू शकतो. आमचे तसेच झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात एका टेबलाच्या दोन बाजूंस गुरू आणि शिष्य बसले. अभियंत्याचा कागद वाचला जात असता तो खाली पाहत होता. शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही कधी काही विचारलंच नाही. बाकीची गिऱ्हाइकं रोज गच्चीवर चढून बघतात." या बोलण्याने त्याचा दोष तिळमात्र कमी होत नाही. तरीही त्यात आमच्या वाट्याचे काहीतरी होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यास आम्ही विश्वास म्हणत होतो, त्यात निम्मा भाग आमच्या आळसाचा आणि भिडस्तपणाचा होता. अखेर ७५ हजार रुपये तीन हप्त्यांत परत करण्याचे ठरले आणि तसा आदेश झाला. पैसे आले. तो मात्र अजून रस्त्यात दिसला तर वळून जातो. ती रुखरुख उरली आहे.

याच काळात जुनी कागदपत्रे चाळताना आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतील एक कागद सापडला. घर बांधणाऱ्या गवंड्याशी केलेला तो करार. विटा कोणी आणावयाच्या, चुना किती दिवस मुरवावयाचा, मजुरी कोणत्या टप्प्यास किती, हे सारे कलमवार. खाली गवंड्याचा अंगठा आणि दोन साक्षीदार. शेवटच्या कलमात मजुरीचा काही भाग पहिला पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवला होता. हा गवंडी आजोबांचा बालमित्र होता, असे मातोश्री सांगतात. मैत्री असूनही कागद झाला, आणि कागद असूनही मैत्री टिकली.

तात्पर्य, काम लहान असो वा मोठे, एक पानभर तरी लिहावे. त्यात कामाचे वर्णन, सामानाचा प्रकार, दर, मोजमापाची रीत व मुदत असावी. आगाऊ रक्कम थोडी द्यावी. पुढचे हप्ते पुऱ्या झालेल्या कामामागून द्यावे, दिलेल्या वचनामागून नव्हे. वाढीव काम निघाल्यास त्याचा दर आधी लिहून घ्यावा. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि दहावा हिस्सा तरी एक पावसाळा पार पडेपर्यंत राखावा. दोघांच्या सह्या, दोघांपाशी एकेक प्रत. आणि दिवसाकाठी एकदा गच्चीवर चढून पाहावे.

२०२४ च्या पावसाआधी एका वृद्ध गवंड्याकडून आम्ही कोबा नव्याने करवून घेतला. त्यांच्यापुढे कागद ठेवताना आम्ही पुन्हा संकोचलो. त्यांनी तो नातवाकडून वाचवून घेतला आणि सही करीत म्हणाले, "बरं केलासा, सर. लिहून असलं म्हणजे आमचंबी बरं. मागच्या घरी काम करून पैसे बुडाले आमचे." लेखी करार प्रामाणिक कारागिराचेही रक्षण करतो, हे तोवर आमच्या ध्यानी आले नव्हते.

कोबा झाल्यावर त्यांनी तीन दिवस गच्चीवर पाणी कोंडून ठेवले. चौथ्या दिवशी मातोश्री भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या, छतावरून नजर फिरविली आणि अंथरूण परत आत घालावयास सांगितले.