पटाशीच्या दाताचा हिशेब

दोन्ही गालफडांच्या हाडांमधलं अंतर मोजायचं, त्याला 16 नं भागायचं, आणि येईल ती वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी धरायची. विसाव्या शतकाच्या आरंभी बेरी नावाच्या दंतवैद्यानं मांडलेला हा हिशेब आजही दंतमहाविद्यालयांत शिकवला जातो. चेहरा 136 मिलिमीटर रुंद असला तर दात साडेआठ मिलिमीटरचा. वरच्या मधल्या दाताची सरासरी रुंदीही साधारण तेवढीच भरते. त्यामुळे हे सूत्र पटकन पटलं.

पाठोपाठ 1914 च्या सुमारास लिऑन विल्यम्स यांनी आकाराचा नियम सांगितला. चेहरा उलटा धरला की त्याचा जो आकार दिसतो, तोच पुढच्या दाताचा : चौकोनी, निमुळता किंवा अंडाकृती. कृत्रिम दात बनवणाऱ्या कारखान्यांनी त्याबरहुकूम साचे पाडले आणि नियम बाजारात रुजला.

हे नियम तिकडे रुजत होते त्या काळी आमचं गंगाखेड, परभणीजवळचं तालुक्याचं गाव, निजामाच्या राज्यात होतं. परभणी-परळी लोहमार्ग झाल्यावर इथून विकाराबादमार्गे हैदराबाद गाठता येऊ लागलं, पण दातासाठी एवढा प्रवास कोण करणार? दात दुखला की लवंग, आणि हलायला लागला की उपटणं. स्वातंत्र्यानंतर 1948 चा दंतवैद्यक कायदा आला. पदवी नसलेल्या, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट असलेल्यांनाही त्यानं नोंदणीपुस्तकाच्या ‘ब’ भागात जागा दिली. देशात शिकलेले दंतवैद्य फार थोडे होते, त्यामुळे ही सोय भागच होती. मराठवाड्याला औरंगाबादचं शासकीय दंत महाविद्यालय मिळालं ते 1982 मध्ये. पुढे परभणीतही दंत महाविद्यालय निघालं आणि गोदाकाठच्या या तालुक्याला चेहऱ्याच्या मापानं दात बसवणारा डॉक्टर जवळ मिळू लागला.

या मापांची खरी गरज पडते ती कवळीच्या वेळी. सगळे दात गेलेल्या माणसाचे मूळ दात कसे होते, हे सांगणारं तोंडात काहीच उरलेलं नसतं. जुना फोटो असलाच तर लग्नातला, ओठ घट्ट मिटलेला. मग हिरड्यांवर बसवलेल्या मेणाच्या कडेवर खुणा होतात : चेहऱ्याची मध्यरेषा, हसताना ओठ जिथवर वर जातो ती रेषा, आणि नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांपासून सरळ खाली उतरणाऱ्या दोन रेषा. सुळ्यांची टोकं या दोन रेषांच्या आसपास येतात. त्यांच्यामधल्या जागेत सहा दात बसवायचे. हसरा फोटो मिळाला तर काम आणखी सोपं. फोटोतल्या दोन बुबुळांमधलं अंतर आणि दाताची रुंदी मोजायची, समोर बसलेल्या माणसाच्या बुबुळांमधलं अंतर घ्यायचं, की त्रैराशिकानं हरवलेल्या दाताचं माप निघतं. सगळ्या सूत्रांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण यात त्या माणसाचाच दात मोजला जातो.

बाकीच्या नियमांना पुढे तडे गेले. 1950 च्या दशकात फ्रश आणि फिशर यांनी पुरुषांना कोनदार आणि बायकांना गोलसर दात द्यावेत असं सांगितलं. प्रत्यक्षात नुसते दात बघून ते बाईचे की पुरुषाचे हे दंतवैद्यांनाही धड ओळखता आलं नाही. चेहरा आणि दात यांच्या आकाराचा मेळ विल्यम्स म्हणाले तसा भरवशाचा नाही, हेही तपासण्यांत दिसून आलं. 1978 मध्ये लेव्हिन यांनी सुवर्णप्रमाण पुढे आणलं : समोरून पाहताना बाजूचा दात मधल्या दाताच्या 0.618 पट दिसावा. 1993 मध्ये प्रेस्टन यांनी खऱ्या दातांचे साचे मोजले, तर हे प्रमाण 17 टक्क्यांतच आढळलं. म्हणजे बहुसंख्य तोंडं या सूत्रात बसतच नाहीत. तरीही ‘स्माइल डिझायनिंग’च्या नावाखाली धडधाकट दात घासून त्यांवर कॅप चढवल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. घासलेलं दंतवल्क परत येत नाही.

या मापांवरून सर्वांत जास्त घोर लागतो तो सात-आठ वर्षांच्या मुलांच्या आयांना. दुधाचे इवलेसे दात पडून मोठाले दात येतात, मध्ये फट असते, ते थोडे फाकलेलेही असतात. शाळेत ‘फावड्या’ म्हणून चिडवतात, आणि पोर फोटोत तोंड मिटून उभं राहतं. दाताचा दिसणारा भाग हिरडीबाहेर येण्याआधीच, साधारण पाचव्या वर्षापर्यंत, जबड्यात घडून झालेला असतो. तो पुढे एका केसानंही वाढत नाही. चेहरा मात्र सोळा-अठरापर्यंत वाढत राहतो. म्हणून दुसरीतल्या मुलाच्या तोंडात मोठ्या माणसाचा दात दिसतो आणि बेरींचा सोळाचा हिशेब तिथे साफ चुकतो. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की मधली फट बहुतेकांची आपसूक मिटते, आणि जबडा रुंदावत गेला की तेच दात त्याच मापात चेहऱ्याला शोभू लागतात. फट मोठी राहिली किंवा दात फारच पुढे असले, तर तार लावायची की नाही ते तेव्हा ठरवता येतं.