धबधब्याची सहल आणि दहाव्या दिवसाचा ताप

मृगाचा पाऊस झाला, सह्याद्रीच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरू लागल्या, की शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येतो, ‘डॉक्टर, उद्या धबधब्यावर चाललोय. सोबत औषधे कोणती घेऊ?’ विचारणाऱ्याच्या मनात साप असतो, जळवा असतात, मुरगळलेला पाय असतो. त्यांची काळजी घ्यावीच. पण अशा सहलीत खरा धोका असतो तो पाण्याचा. आणि हे पाणी माणसाला दोनदा गाठते. एकदा दरीत, त्याच दिवशी. दुसऱ्यांदा घरी, आठ-दहा दिवसांनी.

आपल्या रायगड जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. भिरा-पाटणूसकडून जंगलातून, ओढ्याच्या काठाने देवकुंडाला वाट जाते. मुळशीकडच्या पिंप्रीहून निघणारी अंधारबनाची वाटही दिवसभराच्या चालीनंतर भिऱ्यालाच उतरते. दोन्ही वाटांवर दाट झाडी, खोल दरी आणि मध्ये आडवे येणारे ओढे. असे ओढे लांबीला कमी आणि उताराला तीव्र असतात. म्हणून ते भराभर चढतात. आपण उभे आहोत तिथे ऊन असले तरी वर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस थोड्या वेळात आपल्या पायांशी येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे होते. ते दृश्य अनेकांनी पाहिले असेल. ते आठवून तरी एक नियम पाळावा.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे वेगाने वाहणारे गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलते. पाणी गुडघ्याला लागले की ओढा ओलांडायचा नाही, मागे फिरायचे. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, तर सामान उचलत बसू नका. लगेच उंचावर चढा. परतीचा ओढा भरला असेल तर उंच जागी थांबून राहा. पाऊस थांबला की असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात. घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खावी लागतील, एवढेच.

धबधब्याखालच्या डोहात तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात शरीर नीट तरंगत नाही. आणि कोसळणारी धार माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढते. प्रशासनाने बंदी घातली असेल तर त्या दिवशी दुसरा बेत करावा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मध्यभागी दाब देत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. दरीत फोन लागतोच असे नाही. म्हणून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगूनच निघावे.

आता दुसरी गाठ. काही वर्षांपूर्वी एक चोविशीचा तरुण तापाने फणफणून आला. डोके दुखत होते, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता. म्हणाला, ‘मागच्या रविवारी डोंगरात खूप चाललो, त्याचेच असेल.’ आठवडा उलटून गेला होता. मी साधा ताप समजून गोळ्या दिल्या. पाण्यात उतरला होतास का, हा एक प्रश्न मी विचारला नाही. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा डोळे पिवळे होते आणि लघवी जवळजवळ बंद. मोठ्या रुग्णालयात डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी तो चालत घरी आला, हे त्याचे आणि माझेही नशीब.

तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. ओरखडा, फोड, भिजून मऊ पडलेली कातडी, डोळे, तोंड यांतून ते शरीरात शिरतात. भातलावणी करणाऱ्यांना होणारा हा ताप कोकणातल्या डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनेही तो अनुभवला. सहलीला जाणाऱ्याला मात्र तो आठवत नाही. कारण पाण्याचा संपर्क आणि ताप यांत बहुधा पाच ते चौदा दिवस जातात. तोवर सहल विसरलेली असते.

फरक सोपा आहे. चालण्याने पोटऱ्या दुखतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि आठवडाभरात थांबतात. त्यांच्याबरोबर ताप नसतो. आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका असे आले, तर ते चालण्याचे दुखणे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ‘मी अमुक दिवशी ओढ्यात उतरलो होतो’ हे आपणहून सांगा. सुरुवातीलाच योग्य प्रतिजैविक मिळाले तर हा आजार बहुतेकदा आटोक्यात येतो. पहिल्या दिवसांत रक्ततपासणीत तो दिसेलच असे नाही, म्हणून तुमचे एक वाक्य फार मोलाचे. मनाने अंगदुखीच्या जोरकस गोळ्या घेऊ नका, त्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. तापासाठी योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल पुरे. लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे, रक्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

जाताना पायांत पकड असलेले बंद बूट घाला. जखम असेल तर पाण्यात उतरू नका. ओढ्याचे पाणी पिऊ नका; घरचे उकळलेले न्या. परतल्यावर साबणाने अंग धुऊन पाय कोरडे करा. प्रतिबंधक गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी ती मनाने घेऊ नये.

आणि घरातल्या दिनदर्शिकेवर सहलीच्या तारखेला एक खूण करून ठेवा. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत ताप आला, तर ती खूण तुमच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर विचारायला विसरला, तरी तुम्ही सांगायला विसरू नका.