घशातली खवखव

ज्याचे पोट घशावर चालते त्याने घशाची कुरकुर हसण्यावारी नेऊ नये. मी नेली.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या घशात खवखव सुरू झाली. आतून कोणी मोराचे पीस फिरवावे तशी गुदगुली व्हायची आणि मागोमाग कोरड्या खोकल्याची उबळ. सर्दी नाही, ताप नाही, कफ नाही. घरात चकल्यांचे तळण, बाहेर फटाक्यांचा धूर. तेव्हा दोष कोणाला द्यावा, याची पंचाईत पडली नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, गरम चकल्यांवर गार पाणी कोण प्यायलं?" मी गुन्हा कबूल केला.

मग उपचारांची रीघ लागली. ज्येष्ठमधाची कांडी, खडीसाखर, आईचा अडुळशाचा काढा, हळद घातलेले दूध. यांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. सर्दीपडशाचा खोकला दोनतीन आठवड्यांत आपला आपणच जातो, आणि तोवर मिठाच्या कोमट गुळण्यांनी व चमचाभर मधाने घशाला खरोखरच आराम पडतो. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचे बोटही लावू नये, त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते.) पण माझा खोकला महिना उलटला तरी मुक्काम हलवीना.

मधल्या काळात माझ्या हातून एक भलतीच गोष्ट होता होता राहिली. भाऊबिजेला धाकट्या बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा आला होता. तोही खोकत होता. मी माझ्याच बाटलीतले औषध त्याच्यासाठी चमच्यात ओतले, तोच सौ.नी हात धरला. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली अनेक मुले खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियातही असाच अनर्थ घडला होता. डायएथिलिन ग्लायकॉल नावाचे कारखान्यात वापरायचे द्रव्य त्या औषधांत मिसळले गेले होते. ते मूत्रपिंडे निकामी करते. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाचाखालच्यांनाही सहसा देऊ नयेत, असे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने त्या वेळी बजावले होते. चमचा मी मोरीत ओतला.

डिसेंबरात तुकोबांचा अभंग शिकवताना ऐन रंगाच्या जागी उबळ यायची आणि मागच्या बाकांवरून तिला इमानाने साथ मिळायची. वर्गात मीही हसायचो. पण रात्री खोकून उठून बसलो की सौ. हसेनाशा झाल्या. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ तरुणपणी क्षयाने गेले. घरात तो शब्द कोणी उच्चारीत नसे. 'त्यांचं ते दुखणं' एवढेच म्हणत. आई काही बोलली नाही. तिने फक्त माझे पाणी पिण्याचे भांडे वेगळे ठेवले. वास्तविक क्षय भांड्यांनी पसरत नाही, हवेतून पसरतो. पण ते वेगळे ठेवलेले भांडे पाहून माझी झोप उडाली.

आमचे नेहमीचे डॉक्टर रागावलेच. "दोन आठवड्यांवर खोकला गेला की तपासणी करायची, मग प्राध्यापक असो की हमाल! सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, औषधंही फुकट. सहा महिने नेमानं घेतली की बहुतेक रोगी बरे होतात. मग लपवायचं कशाला?" खोकल्यात रक्त पडते का, वजन घटले का, संध्याकाळी ताप येतो का, हे त्यांनी विचारले. छातीचा फोटो काढला, महत्प्रयासाने पडलेला बेडका तपासणीला गेला. निकाल येईपर्यंतचे दोन दिवस कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. निकाल स्वच्छ आला.

मग उलटतपासणी सुरू झाली. विडी-सिगारेट? नाही. जेवून आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येते? नाही. नाकातला स्राव मागच्या मागे घशात उतरतो? पहाटे छातीत सूं सूं वाजते? नाही. "दुसरं काही औषध चालू आहे?"

"छे!" मी म्हणालो.

"अहो, ती रक्तदाबाची गोळी?" सौ. म्हणाल्या.

गणपतीच्या सुमारास ती सुरू झाली होती. तिला मी औषधात धरतच नव्हतो! एनालाप्रिल, रामिप्रिल अशा 'प्रिल' प्रत्ययान्त गोळ्यांनी सुमारे दहांत एकाला असा कोरडा खोकला लागतो. रक्तदाब चढवणारे द्रव्य शरीरात ज्या विकरामुळे बनते, त्याला या गोळ्या अडवतात. पण ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याची विल्हेवाटही तेच विकर लावीत असते. ते मग साचते आणि श्वासमार्गातले मज्जातंतू हुळहुळे होतात. गंमत अशी की, या औषधांचा माग ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषावरून लागला. त्यांतले कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सापाचा असा दंश मला वर्गात बसून होत होता!

घरी जाऊन गोळ्या फेकून देण्याचा माझा बेत डॉक्टरांनी ओळखला. "मनानं बंद कराल तर खोकला जाईल आणि पक्षाघात येईल," ते म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली. खोकला जायला काही आठवडे लागतील, हेही सांगितले. आईने माझे भांडे मुकाट्याने पुन्हा इतर भांड्यांत ठेवले.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तास संपला तेव्हा ध्यानात आले, आज मी एकदाही खोकलो नाही. मागच्या बाकावरून मात्र सवयीने एक खोकला आला.