प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळ्याकडे एकटक बघणारा विद्यार्थी भागाकाराची रीत समजून घेत असेल किंवा डब्यात आज काय दिले असेल याचा विचार करत असेल. बाहेरून दोन्ही चेहरे सारखेच दिसतात. पाठातला सहभाग म्हणजे त्या घडीला मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते, आणि त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटात होत नाही. तिथे डोकावण्याचे शिक्षकाच्या हातातले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्रश्न. मात्र प्रश्न ज्या रीतीने विचारले जातात, त्या रीतीत विचार करायची पाळी बहुतेक वर्गांत चार-पाच जणांवरच येते.

ती रीत मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ऐकून ओळखता येईल. “वनस्पती ज्या क्रियेने अन्न तयार करतात तिला म्हणतात प्रकाश...?” आणि सगळा वर्ग एका सुरात, “संश्लेषण!” पाठोपाठ “समजलं का?” आणि त्याला लांबवलेला “होऽऽ”. कानाला हे सहभागासारखे वाटते. प्रत्यक्षात उत्तर पुढच्या बाकांवरून निघते आणि बाकीचे अर्ध्या क्षणाने त्यात आवाज मिसळतात. ज्याला काहीच कळलेले नाही तोही मोठ्याने ओरडू शकतो, किंबहुना तोच जास्त ओरडतो. हात वर करायला सांगितले, तर रोजचेच हात वर होतात. बरोबर उत्तर मिळाले की पाठ पुढे सरकतो आणि पोर्शन वेळेत संपण्याची आशा राहते. 35 मिनिटांचा तास, त्यात हजेरी, त्यात साठ मुले, असे गणित असताना शिक्षक त्याच हातांकडे वळला तर त्याला फार दोष देता येत नाही. पण त्या मुलांच्या उत्तरांवरून वर्गाला पाठ समजला असे धरणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांमधल्या ध्वनिमुद्रित संवादांचा अभ्यास केला आणि 1974 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, सोपा करतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे त्यांना आढळले. मुलाचे उत्तर संपल्यावरही शिक्षक तितक्याच घाईने बोलू लागतात. हीच उसंत तीन सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरे लांबली, “माहीत नाही” म्हणणारी मुले कमी झाली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि मुले एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागली. आणखी एक बाब त्यांच्या नोंदींत दिसली, आणि ती जास्त झोंबणारी आहे. शिक्षक हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जास्त वेळ थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळेची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला तो कमी येत होता.

तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. शिकवण्याच्या भरात असलेल्या माणसाला मात्र त्या शांततेत अवघडल्यासारखे होते, आपले काही चुकले असे वाटू लागते. म्हणून ही सवय ठरवूनच लावावी लागते. प्रश्न विचारायचा, मनात तीनपर्यंत मोजायचे आणि मगच नाव घ्यायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. “गणेश, सांग बघू” असे म्हणून प्रश्न विचारला की गणेश सोडून सगळ्यांची सुटका होते. नाव शेवटी आले तर तोवर प्रत्येकाला आपल्यावर पाळी येऊ शकते हे धरून चालावे लागते. काही शिक्षक मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवतात आणि त्यातून एक काढतात. त्यामुळे लाडक्या-नावडत्याचा प्रश्न मिटतो. पण याच युक्तीने मुलाला उघडे पाडायचेही साधन तयार होते. चिठ्ठीत नाव निघालेल्या मुलाला उत्तर येत नसेल तर त्याला उभे ठेवण्याऐवजी दुसऱ्या दोघांना बोलू द्यावे आणि मग त्याच्याकडे परत येऊन “या दोघांपैकी कुणाचं पटतं, आणि का?” असे विचारावे. मान खाली जात नाही आणि सुटकाही होत नाही.

सगळ्यांना एकाच वेळी उत्तर द्यायला लावायचे असेल तर जुनी पाटी फार कामाची आहे. पाश्चात्त्य शाळांत यासाठी हातात मावणारे पांढरे फळे विकत घेतले जातात. इथल्या शाळांत पाटी-पेन्सिल पिढ्यान्‌पिढ्या दप्तरात होतीच. समजा, सहावीच्या वर्गात प्रश्न आहे: 0.4 आणि 0.35 यांत मोठी संख्या कोणती? मुलांनी पाटीवर लिहायचे, पाटी छातीशी पालथी धरायची आणि खूण होताच सगळ्यांनी एकदम वर करायची. पाच सेकंदांत साठ उत्तरे दिसतात. बऱ्याच पाट्यांवर 0.35 असते, कारण 35 हे 4 पेक्षा मोठे. ज्यांनी 0.4 लिहिले त्यांना तरी समजले आहे का? तेही लगेच सांगता येत नाही. दशांश चिन्हापुढे जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान, अशी उलटी समजूत बाळगणारी मुलेही असतात. त्यांचे उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर येते. म्हणून लगेच दुसरा प्रश्न: 0.4 मोठी की 0.62? आता पहिल्या गटातली मुले बरोबर ठरतात आणि उलट समजूत असलेली पकडली जातात. दोन्ही वेळा बरोबर लिहिणारीच खरी भरवशाची.

यानंतर शिक्षक सहज पैशांकडे वळतात, चाळीस पैसे जास्त की पस्तीस, असे. ते ठीक आहे, पण एखादा मुलगा 0.4 म्हणजे चार पैसे असेही म्हणतो, आणि गोंधळ होता तिथेच राहतो. शंभर चौकटींच्या आलेख कागदावर चार पूर्ण रांगा रंगवून घेतल्या, शेजारी तीन रांगा आणि पाच चौकटी रंगवल्या, की वाद मिटतो. कोणता आधार घ्यायचा हे ठरवायला आधी पाट्या बघाव्या लागतात. एका सुरातल्या “होऽऽ”तून यातले काहीच कळले नसते.

बरोबर उत्तरामागे समज असतेच असे नाही, ही गोष्ट हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांना मोठ्या व्याख्यानगृहात जाणवली. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतली अवघड उदाहरणेही सुटत. पुढे त्यांनी न्यूटनच्या नियमांवर रोजच्या भाषेतले प्रश्न असलेली एक चाचणी दिली. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावतो, अशा धर्तीचे ते प्रश्न. सूत्रे तोंडपाठ असलेले विद्यार्थी त्यात अडखळले. दोन्ही बले समान असतात हा तिसरा नियम त्यांनी लिहून काढला होता, पण ट्रकबद्दलची त्यांची घरगुती समजूत जागची हलली नव्हती.

त्यातून 1990च्या दशकात त्यांनी जी पद्धत बसवली ती साधी आहे. थोडा वेळ विषय मांडायचा, मग पर्याय असलेला एक प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचे. जवळपास सगळे बरोबर असतील तर पुढे जायचे. फारच थोडे बरोबर असतील तर पुन्हा समजावून सांगायचे. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील, तर वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधून त्याला आपले म्हणणे पटवायला सांगायचे आणि मग उत्तर पुन्हा घ्यायचे. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरे बहुधा वाढतात. कालच समजलेल्या माणसाला आपण कुठे अडलो होतो हे आठवत असते. वीस वर्षे शिकवणाऱ्याला ते आठवत नाही. पाचवीच्या वर्गातही शेजाऱ्याशी बोलायला लावणे जमते, फक्त त्याआधी प्रत्येकाने स्वतःचे उत्तर लिहिलेले असले पाहिजे. तसे नसेल तर बाकावरचा हुशार बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

अशा पद्धतींचा उपयोग किती, यावर पुरावा बराच जमला आहे. 2014 मध्ये संशोधक स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. केवळ व्याख्यान होते तिथे नापासांचे प्रमाण सुमारे 34 टक्के होते, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के. आठवून सांगण्याचाही असाच परिणाम दिसतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006च्या प्रयोगात काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर आठवला, वाचणाऱ्यांना 42 टक्के. तासाच्या सुरुवातीला वही न उघडता “काल काय झालं होतं?” हे दोन ओळींत लिहून घेणे हा केवळ वेळकाढूपणा नव्हे, तो यामुळेच.

मुलांना मात्र हे कष्ट आवडतातच असे नाही. हार्वर्डमध्येच 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोके चालवावे लागणाऱ्या वर्गातले विद्यार्थी चाचणीत जास्त शिकलेले निघाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. हा आभास किती गोड असतो, हे खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींवरूनही कळते.

याच्या उलट टोकाचा आभासही असतो, तो हात चालू असण्याचा. महाराष्ट्रात 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, या अर्थाचा शब्द गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत पोहोचला. जमिनीवर बसून गटात, वस्तू हाताळत शिकणाऱ्या मुलांचे वर्ग उभे राहिले, त्यांतले काही खरोखर बघण्यासारखे होते. पण अनेक ठिकाणी फरशीवर तक्ते आणि भिंतीवर पाढे रंगवले म्हणजे काम झाले, अशीही समजूत झाली. रंगवलेल्या संख्यारेषेवर उड्या मारणारे मूल खूश असते. तीन अधिक चारसाठी उडी कुठून सुरू करायची याचा निर्णय त्याने स्वतः घेतला, तर ते गणित करत असते. मागून कुणी “आता इथे” म्हणत असेल, तर त्या केवळ उड्या असतात. कृतीची निवड करताना इतकेच बघायचे की ती पूर्ण करताना मुलाला नेमका कशाचा विचार करावा लागेल. शिवाय अगदी नवा विषय असेल तर आधी नीट समजावून सांगणे, एक-दोन उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखवणे याला पर्याय नाही. काहीच माहिती नसलेल्या मुलांना “शोधून काढा” म्हणून सोडले तर ती शोधत नाहीत, भरकटतात.

सहभागाचा अर्थ मुलांनी प्रश्न विचारणे असाही घेणारे प्रयोग भारतात झाले आहेत. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुले गटाने प्रयोग करत, निष्कर्ष वहीत लिहीत, परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत ठेवता येई. मुलांना पडलेले प्रश्न सवालीराम नावाच्या काल्पनिक पात्राला पत्राने पाठवायची सोय होती. राज्य सरकारने हा कार्यक्रम 2002 मध्ये बंद केला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगराळ भागात आदिवासी मुले गुरे राखायला जातात तिथेच कुरणशाळा नेली. मुले वर्गात रमत नाहीत ही तक्रार करण्याआधी वर्ग मुलांच्या जगण्यात बसतो का, हे त्यांनी पाहिले.

आजच्या द्विशिक्षकी शाळेत हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. तो तिसरीला शिकवत असताना चौथी काय करते यावर चौथीचे शिकणे ठरते. “पान बत्तीस उतरवून काढा” हे काम पोरांना गप्प ठेवते, त्यापलीकडे फारसे काही करत नाही. त्याऐवजी ज्याचे उत्तर मुलांना स्वतः तपासता येईल असे काम लागते. जोडीने एकमेकांना शाब्दिक उदाहरण रचून देणे, शब्दकार्डांतून वाक्ये बनवणे, उत्तर पाठीमागे लिहिलेली कार्डे सोडवणे, अशी कामे त्यात बसतात. तिसरीतल्या एखाद्याला शेजारचे चौथीचे उदाहरण आवडले आणि तो तिकडे सरकला, तर त्याला अडवायचे कारण नाही.

तास संपताना दोन मिनिटे राखून ठेवता आली तर दुसऱ्या दिवसाची तयारी तिथेच होते. प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा द्यायचा आणि आजच्या पाठावरचा एकच प्रश्न सोडवायला सांगायचा. नाव लिहिलेच पाहिजे असेही नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे होतात: बरोबर, अर्धवट आणि पार वेगळेच काही. साठ चिठ्ठ्यांना दहा मिनिटे पुरतात. दुसऱ्या दिवशीचा तास मधल्या गठ्ठ्यातल्या एका उत्तरापासून सुरू करता येतो. ते नाव न घेता फळ्यावर लिहायचे, “यातलं काय बरोबर आहे आणि कुठे घसरलं?” असे विचारायचे आणि तीनपर्यंत मोजायचे.