रात्रीची दारं धरणारं यंत्र

अकलूजच्या शिवारात रात्रीची लाइट आली की कुणीतरी उठून उसाला दारं धरायला जातं. कुठल्या सरीत पाणी पोचलं, कुठली तुंबली, हे बॅटरीच्या उजेडात बघता बघता पहाट होते. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाची आईसुद्धा अशीच जागी असते. लेकराचं बोट टोचून शुगर बघते. ७०च्या खाली गेली असेल तर उठवून साखरेचं पाणी पाजते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. मुलाने गोड खाल्लं म्हणून तो होत नाही, आईबापाच्या चुकीने तर मुळीच नाही. निरोगी स्वादुपिंड ठिबकासारखं सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडतं, जेवल्यावर जास्त. इंजेक्शन म्हणजे पाटाचं पाणी. एकदा सोडलं की माघारी घेता येत नाही.

स्वयंचलित यंत्रणेत त्वचेखालचा सेन्सर दर ५ मिनिटांनी साखर मोजतो, कमरेचा पंप इन्सुलिन सोडतो आणि मधला अल्गोरिदम दारं धरतो. हे काम अवघड आहे. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असते. त्वचेखाली दिलेल्या जलद इन्सुलिनलाही पूर्ण जोर धरायला तासभर लागतो. त्यामुळे आत्ताच्या आकड्यावर भागत नाही, पुढचा अंदाज बांधावा लागतो. साखर १२० असली तरी झपाट्याने उतरत असेल तर अल्गोरिदम इन्सुलिनची धार आधीच कमी करतो, वेळ पडल्यास बंद करतो. किती भाकरी, किती भात खाणार, हे मात्र त्याला अजून सांगावं लागतं.

अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला, मिनिमेड ६७०जीला, सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीच सिएटलच्या डॅना लुइस यांनी घरच्या घरी अशी यंत्रणा जुळवली होती. त्या स्वतः टाइप वनच्या रुग्ण. सेन्सरचा गजर झोपेत ऐकू येईना, म्हणून मोठा गजर करायला घेतला आणि तिथून काम वाढत गेलं. २०१५ मध्ये त्यांनी आराखडा सर्वांसाठी खुला केला. एका माणसाच्या झोपेच्या काळजीतून हे उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे अडचण पैशाची आहे. पंपाची किंमत लाखांत जाते. उसाचं बिल येईल तेव्हा येतं, सेन्सर मात्र आठवड्या-पंधरवड्याला बदलावाच लागतो. शिवाय पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. नळी तुंबली तर काही तासांत रक्तात घातक आम्ल साचू लागतं, म्हणून घरात इन्सुलिनचं पेन लागतंच. माझ्या मते सरकारने आधी प्रत्येक मुलाला इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या मोफत द्याव्यात, मग सेन्सर, मग पंप.

यंत्र असो वा नसो, शुगर भरदिवसा वर्गातही लो होते. शिक्षकांना एक विनंती आहे: अशा मुलाच्या दप्तरात साखरेची पुडी असते, ती तास चालू असतानाही त्याला खाऊ द्या.